मदत हवी आहे: बेस गिटारसाठी फझ घ्यावा की डिस्टॉर्शन? (सोलापूर)

चारतारी

नमस्कार मंडळी,

बेसचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारं एक पेडल घ्यायचं आहे; फझ (जास्त घरघरीत) घ्यावा की डिस्टॉर्शन, कळत नाही. बजेट ८,००० रुपये, त्यात बसलं तर वापरलेलंही चालेल. बेस चार तारांचा, पॅसिव्ह, जॅझ पद्धतीचे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं पकडणारे). अँप ४० वॉटचा, १० इंची स्पीकर. बँडमध्ये दोन गिटार, ड्रम्स आणि गायक. गाणी मराठी रॉक, काही बऱ्यापैकी जड.

गिटारिस्टचं बिग मफ (फझचं पेडल) लावून पाहिलं. एकट्याने वाजवताना आवाज भरगच्च येतो, पण दोन्ही गिटारी सुरू झाल्या की बेस गायब. घरघर ऐकू येते, खर्ज नाही.

प्रॅक्टिसची खोली पूर्व भागात आहे, भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड. पेडल चालू केलं की गुणगुण प्रचंड वाढते. कॉलेजच्या गॅदरिंगचा कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात आहे, तिथे अँप न्यावा की थेट मिक्सरला द्यावं? इथल्या दुकानांत बेसचे पेडल वाजवून बघायला मिळत नाहीत, म्हणून मागवायच्या आधी विचारतोय.

खर्जषड्ज

फझ की डिस्टॉर्शन हे नंतर ठरवा. आधी बघायचं ते एवढंच, की पेडलवर ब्लेंडचा नॉब आहे का. कुठे त्याला बॅलन्स म्हणतात, कुठे ड्राय. बेसचा मूळ स्वच्छ आवाज आणि खराब केलेला आवाज शेजारी शेजारी चालले पाहिजेत. हे नसेल तर कितीही महागडं पेडल घ्या, बँडमध्ये तुमचं तेच होणार.

खर्ज का जातो ते सांगतो. तुमच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्‌झचा. सिग्नल जोरात क्लिप झाला, म्हणजे त्याची टोकं छाटली गेली, की वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) वाढतात आणि मूळ स्वराचा वाटा कमी होतो. शिवाय स्वराचा सुरुवातीचा ठोका चपटा होतो, म्हणून किक ड्रमबरोबर बेस बसत नाही. बिग मफचं आणखी एक आहे: त्याच्या टोनच्या रचनेत १ किलोहर्ट्‌झच्या आसपास खड्डा असतो. बँडच्या गर्दीत बेस ओळखू येतो तो साधारण ७०० ते १,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यामुळे, आणि तोच भाग मफ काढून टाकतं. एकट्याने वाजवताना हा खड्डा गोड लागतो, गिटारी आल्या की तिथे त्याच बसतात.

गिटारचं प्रत्येक पेडल वाईट असं मात्र नाही. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनच्या) पेडलमध्ये ७२० हर्ट्‌झच्या खालच्या भागाला गेन (सिग्नलची वाढ) कमी कमी होत जातो, त्यामुळे आवाज पातळ वाटतो; पण स्वच्छ आवाजात मिसळून दिलं तर तेच मधल्या पट्ट्याची धार छान देतं. रॅट हे डिस्टॉर्शन पेडलही बेसवर चांगलं लागतं. त्याचा फिल्टर नॉब उजवीकडे फिरवला की आवाज उजळ न होता गडद होतो, हे माहीत नसल्याने बरेच जण त्याला कर्कश म्हणून बाजूला ठेवतात.

तुमच्या गाण्यांना मी फझपेक्षा ब्लेंडवालं ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन सुचवेन. दोन गिटारी आधीच भरपूर जागा खातात, आणि फझ त्याच जागेत पसरतो. बेहरिंगर बीओडी४०० स्वस्तात मिळतं. ते बॉस ओडीबी-३ च्या धर्तीवर आहे. बॅलन्स आणि हाय-लो ईक्यू (वरचा-खालचा आवाज कमी-जास्त करायची सोय) दोन्ही आहेत, फक्त डबा प्लास्टिकचा, सांभाळून पाय द्यावा लागतो. ओडीबी-३ वापरलेलं मिळालं तर तेच घ्या. दोन्हींचा वरचा आवाज टोचतो, म्हणून हाय मध्याच्या खाली आणि गेन घड्याळात ९-१० वाजता. त्यापुढे गेन नेऊन काही मिळत नाही.

फझच हवा असेल तर बेस बिग मफ बघा, त्यावर ड्रायचा स्विच आहे. डार्कग्लास बी३के उत्तम, पण तुमच्या बजेटच्या बरंच बाहेर.

डागकाम

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ सोलापुरात घेऊ नका. उष्णतेने जर्मेनियमचा लीकेज करंट झपाट्याने वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की बायस (ट्रान्झिस्टरची ठरवून दिलेली स्थिती) सरकतो आणि स्वर तुटक येतो किंवा मधेच मरतो. पेडल बिघडलेलं नसतं, त्याला गरम झालेलं असतं. सिलिकॉनचं घ्या. शिवाय जुन्या धाटणीचे पीएनपी जर्मेनियम फझ बऱ्याचदा पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात. ते बाकीच्या पेडलसोबत एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलना वीज देणारी वायर) लावले तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो.

दुसरं, गिटारिस्टच्या मफचाच क्लोन स्वतः बनवणार असाल किंवा हाताशी स्वस्त क्लोन असेल, तर टोनमधला ३.९ नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढून १० नॅनोचा लावा, मधला खड्डा बराच भरतो. इनपुटचा आणि दोन स्टेजमधला कपॅसिटरही तपासा. हिशेब सोपा आहे: १ भागिले (२ × पाय × आर × सी). पुढे १०० के रेझिस्टन्स धरला तर ‘१०३’ लिहिलेला कपॅसिटर १५९ हर्ट्‌झपासून खालचं उतरवायला लागतो, म्हणजे ई तार गेलीच. ‘१०४’ लावला की हीच मर्यादा १६ हर्ट्‌झवर जाते. दोन्ही कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. डाग देताना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. जास्त वेळ टेकवलं तर पीसीबीवरचा तांब्याचा पट्टा उचलतो. दुसऱ्याच्या पेडलवर हे प्रयोग नकोत.

चारतारी

गेन आणि ब्लेंडचं समजलं. गिटारिस्टचं मफ ब्लेंड लावून वापरता येईल का? आणि गुणगुणीचं काय?

खर्जषड्ज

येईल. बॉस एलएस-२ लागेल, ते सिग्नल दोन वाटांत (लूपमध्ये) विभागून परत मिसळतं. मोड ए+बी मिक्स ठेवा. ए लूपमध्ये मफ, बी लूपच्या सेंड-रिटर्नमध्ये नुसती एक छोटी पॅच केबल. आधी बीचा नॉब पेडल बंद असतानाच्या आवाजाएवढा करा, मग ए हळूहळू वाढवा. फझ ऐकू यायला लागल्यावर थोडंच पुढे जा.

एक तपासणी नक्की करा. दोन्ही मिसळल्यावर खर्ज वाढायच्या ऐवजी पोकळ झाला, तर ते पेडल सिग्नल उलटा करतंय आणि खालचे स्वर एकमेकांना मारतायत. एलएस-२ ला फेज उलटवायची सोय नाही, तेव्हा तिथे दुसरं पेडल बघावं लागेल. वापरलेलं कुठलंही पेडल घेताना ई तार मोकळी वाजवून, ब्लेंड निम्म्यावर ठेवून हे ऐकाच.

डागकाम

गुणगुणीचा उगम आधी शोधा. बेसचे व्हॉल्यूम शून्य करा. तरीही आवाज तेवढाच असेल तर दोष केबल, पेडल किंवा अडॅप्टरचा. मग पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावा. आवाज गेला तर अडॅप्टर बदला. साधा फझ काही मिलिअँपिअरच घेतो, बॅटरी बरीच टिकते, फक्त वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेवा, नाहीतर ती उतरत राहते.

व्हॉल्यूम शून्य केल्यावर शांत झालं तर पिकअप पकडतोय. बेस हातात धरून जागच्या जागी पाव वळसा फिरा. गुणगुण कमी-जास्त झाली तर मागाच्या मोटारींचं चुंबकीय क्षेत्र आहे, ती मोटारींची भिंत सोडून उभे राहा. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवा. जॅझ पद्धतीच्या बऱ्याच बेसमध्ये पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, तेव्हा गुणगुण कटते. एक उघडा, एक बंद ठेवलात की परत येते.

अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका. गुणगुण जाते, पण माइकला ओठ आणि तारेला हात लागला की शॉक बसतो. जिवाचा खेळ आहे.

मिक्सरमागून

कार्यक्रमाबद्दल. फझ थेट मिक्सरला देऊ नका. तुमच्या १० इंची स्पीकरमधून वरचा बराच आवाज आपोआप गाळला जातो. हॉलच्या फुल रेंज स्पीकरमधून तो सगळा बाहेर येतो आणि पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा लागतो. अँपला माइक लावून घ्या, किंवा स्पीकर सिम्युलेशनवाला डीआय (बेसचा सिग्नल मिक्सरला देण्याजोगा करणारा डबा) वापरा. बेहरिंगर बीडीआय२१ मध्ये ड्राइव्ह, ब्लेंड आणि एक्सएलआर आउट एकाच डब्यात आहे, तुमच्या बजेटमध्ये वेगळं डिस्टॉर्शन न घेता हेही भागू शकतं. साउंडवाल्याकडे दोन चॅनल रिकामे असतील तर सगळ्यात सुरक्षित म्हणजे पेडलच्या आधी साधा डीआय, त्यातून स्वच्छ बेस एका चॅनलला, आणि अँपचा माइक दुसऱ्याला. साउंडचेकला दोन्ही चॅनल एकत्र उघडून फेजचं बटण एकदा दाबून बघायला सांगा. ज्या बाजूला खर्ज जास्त, तिथेच ठेवा. आणि पेडल चालू-बंद करून लेव्हल जुळवून जा. चालू केल्यावर बंदपेक्षा किंचितच मोठं हवं, तेही ड्रम्स सुरू असताना ठरवायचं.

चारतारी

बीडीआय२१ मागवतो, मफसाठी एलएस-२ वापरलेलं कुठे मिळतंय ते बघतो. कोणाकडे असेल तर व्यनि करा, पुण्याला येऊन नेईन.