पगार लांबला की आधी काय थांबतं

शिक्षकांचा पगार लांबला की कोणीतरी विचारतंच, 'पगार पंधरा दिवस पुढे गेला म्हणून शिकवणं थोडंच थांबतं?' शिकवणं थांबत नाही, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं आटतं. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत सराव पत्रिकांच्या झेरॉक्स, पोषण आहाराचा भाजीपाला, गॅस हे बहुतेकदा आधी गुरुजींच्या खिशातून जातं. अनुदान मागाहून येतं. खिसा रिकामा झाला की पहिली बंद होते ती झेरॉक्स. मग पहिली ते चौथी एकाच फळ्यावर.

घाटावरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात आलेल्या शिक्षणसेवकाचं, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर काढणाऱ्या शिक्षकाचं, तर फारच अवघड. प्राथमिकला मानधन १६,००० रुपये, त्यातच खोलीभाडं आणि गावी पाठवायचे पैसे. नियमित शिक्षकांचा कर्जाचा हप्ता पाच तारखेला परत गेला की बँकेचा दंड, वर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. हा भुर्दंड कोणी भरून देत नाही.

बिल अडकतं कुठे? कधी शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत एकाची रजा किंवा वेतनवाढ चुकीची भरली जाते आणि सगळ्या शाळेचं बिल परत येतं. कधी मार्चला पगाराची तरतूदच संपलेली असते. चुकीचं नाव तेवढं बाजूला काढून बाकीच्यांचं बिल पुढे पाठवा, एवढी मागणी तरी लावून धरायला हवी.