फॉर्मवरचे शब्द आपण शिकायचे, की त्यांनी सोपे करायचे?

सुईदोरा:
सासूबाईंच्या देखभाल विम्याचा दावा फेटाळला गेला, तो माझ्याच एका टिकमुळे. 'अंघोळीला मदत लागते का?' यावर मी 'नाही' केलं. अंगावर पाणी त्या स्वतःच घेतात, मी फक्त दाराशी उभी असते आणि ओल्या फरशीवर पाय टाकताना दंड धरते. आमच्या पॉलिसीत हे उभं राहणंही मदतीत धरतात, हे नंतर कळलं. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि खाणं, या सहा 'एडीएल', म्हणजे रोजच्या क्रिया. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेली यादी आजही चालते. घरात म्हातारं माणूस असेल तर हे शब्द पाठच हवेत, असं माझं मत.

निवांत:
साफ अमान्य. सत्तरीची बाई ऐंशीच्या नवऱ्याला सांभाळते, तिने आता परीक्षेला बसायचं? त्या यादीतलं 'खाणं' म्हणजे घास तोंडापर्यंत नेणं. स्वयंपाक त्यात नाहीच! तो १९६९च्या लॉटन आणि ब्रोडी यांच्या वेगळ्या यादीत आहे. फोन, खरेदी, औषधं, पैशांचे व्यवहार यांच्यासोबत. हे फॉर्मवरच एका ओळीत छापायला काय जातं?

सुईदोरा:
छापलं तरी काय? तपासणीला माणूस आला त्या दिवशी सासूबाई केस विंचरून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "सगळं माझं मी करते." तिथे मलाच बोलावं लागलं. शब्द माहीत नसते तर काय बोलणार होते?

पायरी:
मी सुईदोराच्या बाजूने. बाबांच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर 'पॅलिएटिव्ह' म्हणाले आणि भाऊ उठूनच गेला. त्याने ऐकलं 'हॉस्पिस'. हॉस्पिस शेवटच्या काही महिन्यांसाठी, रोग बरा करायचे उपचार थांबवल्यावर. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, उपचारांसोबतच, अगदी निदानापासूनही चालते. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास आला होता. ज्यांना ही सेवा लवकर मिळाली ते सरासरी जास्त जगले. आमच्याकडे एका शब्दापायी तीन आठवडे बाबा कण्हत होते.

निवांत:
वाचून वाईट वाटलं. पण 'दुखणं आटोक्यात ठेवणारी वेगळी टीम येईल, औषधं चालूच राहतील' एवढं डॉक्टरांनी म्हटलं असतं तर भाऊ उठला असता का? चूक त्याच्या शब्दसंग्रहाची नाही.

कागदवाला:
बरीच वर्षं दावे तपासलेत म्हणून बोलतो. निवांत यांचं अर्धं पटतं. 'एलिमिनेशन पिरियड' म्हणजे लाभ सुरू होण्याआधीचे, खर्च आपल्या खिशातून करायचे दिवस. या नावावरून ते कुणाला कळेल? पण सोपा शब्दही फसवतो. 'मुखत्यारपत्र' सगळ्यांना कळतं, म्हणूनच कुणी पुढे विचारत नाही. बऱ्याच देशांच्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की निकामी होतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा. त्यानंतरही टिकणारं वेगळं असतं आणि ते माणूस शुद्धीत, समजत असतानाच करावं लागतं. स्मृतिभ्रंश बळावल्यावर मुलं धावत येतात, तोवर उशीर झालेला असतो. मराठीकरणाचं म्हणाल तर 'पॅलिएटिव्ह'ऐवजी 'परिहार सेवा' ऐकून पायरींचा भाऊ थांबला असता असं मला वाटत नाही.

निवांत:
'परिहार' तर मलाही कळला नाही :) मी भाषांतर नाही, उलगडून सांगायला म्हणतोय.

सुईदोरा:
भांडण नंतर, आधी एक सांगा. नवा फॉर्म समोर आहे. 'उठबस': पलंगावरून खुर्चीत त्या स्वतः येतात, पण खुर्ची हलू नये म्हणून मी घट्ट धरते. 'नाही' लिहू?

कागदवाला:
नुसतं हो-नाही नको. खुर्ची धरता, दिवसातून किती वेळा, आणि सोडली तर काय होतं, तेच लिहा.

निवांत:
बघा, हाच प्रश्न फॉर्मने विचारायला हवा होता.