मे महिन्याच्या टँकरचं बिल (बिल्डिंगच्या ग्रुपवरची चर्चा, नावाआधी फ्लॅट नंबर)

२०१ सेक्रेटरी: नमस्कार. मे महिन्यात पाण्याचे एकूण २० टँकर घेतले. ९०० रुपयांनी बिल १८,००० झालंय. नेहमीप्रमाणे १२ फ्लॅटमध्ये भाग केला तर प्रत्येकी १,५००. शुक्रवारपर्यंत पाठवा, टँकरवाल्याचा रोज फोन येतोय.

००१ काकू: सेक्रेटरी, मी घरात एकटी. दोन बादल्या अंघोळ-कपड्यांना, बाकी स्वयंपाकाला. पैसे देणार नाही असं म्हणत नाही. पण हे बरोबर आहे का, तेवढं सांगा.

३०३ मालक: काकू, आपण पहिल्यापासून फ्लॅटमागेच करत आलोय की.

००१ काकू: होय की. पण तेव्हा महिन्याला दोन टँकर यायचे, दीडशे रुपये वाटणीला. त्यावर कोण बोलणार? आता दीडशेचे पंधराशे झाले.

१०२: मला काकूंचं पटतं. माणशी करा. बिल्डिंगमध्ये ४० माणसं आहेत, माणशी ४५० पडतात. काकूंना ४५०, आम्हा तिघांना १,३५०.

३०२ वैनी: आणि आम्हा सातजणांना ३,१५०. एकदम दुप्पट. महिना संपल्यावर नियम बदलायचा असेल तर आधी सांगायला हवं होतं. बाकी रात्री सविस्तर लिहिते, आता सासऱ्यांना भरवायचंय.

२०३ (पुणे): आमचा फ्लॅट जानेवारीपासून बंद आहे. नळ एकदाही उघडलेला नाही. तरी १,५००?

२०१ सेक्रेटरी: थांबा, कायद्याचंही सांगतो. आपली नोंदणी १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे. त्यात सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतल्या वाट्याच्या, टक्केवारीवर पडतो. म्हणजे ज्याचा फ्लॅट मोठा त्याला जास्त.

००१ काकू: अहो, माझा तीन बेडरूमचा आहे. हे गेले तेव्हापासून दोन खोल्या बंदच असतात. त्या बंद खोल्यांना पाणी लागतं का?

१०२: माझी बहीण कोल्हापूरला सोसायटीत राहते. तिकडच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, पाण्याचा आकार नळ किती आणि केवढे यावर असतो, आणि लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यालासुद्धा. गाडीने दोन तासांचं अंतर, तेवढ्यात नियम बदलला.

२०१ सेक्रेटरी: आमचे दोन मामेभाऊ, एक राज्याच्या हद्दीच्या अलीकडे निपाणीत, एक पलीकडे कागलला. त्यांच्या घरी हेच चालतं, कुठलीही गोष्ट विचारा, दोन उत्तरं.

३०१ सर: मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून थोडं लिहितो. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात एक खटला आहे. दोघांनी एकच कापड धरलंय. एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. निवाडा असा: अर्ध्या कापडाबद्दल वादच नाही, ते पहिल्याचं. उरलेल्या अर्ध्यावर दोघांचा दावा, ते निम्मं निम्मं. म्हणून पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. त्याच परंपरेत मयताच्या मालमत्तेवरचे १००, २०० आणि ३०० चे तीन दावे आहेत. मालमत्ता १०० असेल तर तिघांना सारखे ३३ आणि वर एक तृतीयांश. २०० असेल तर ५०, ७५, ७५. ३०० असेल तर ५०, १००, १५०. हे आकडे कुठल्या नियमाने आले हे कितीतरी शतकं कोणाला नीट कळत नव्हतं. १९८५ साली ऑमन आणि माश्लर या दोन गणितज्ञांनी दाखवलं की तिन्ही प्रसंगांत कुठलेही दोघे निवडले तरी त्या दोघांतली वाटणी कापडाच्या नियमानेच बसते. ऑमनना पुढे २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपलं बघा. काकूंना माणशी हिशोब ४५० म्हणतो, जुना नियम १,५०० म्हणतो. ४५० बद्दल वाद नाही. वाद १,०५० चा आहे, त्याचे निम्मे ५२५. काकूंचे ९७५. वैनींकडे १,५०० बद्दल वाद नाही, वरच्या १,६५० चे निम्मे ८२५, म्हणजे २,३२५. सगळ्यांचं असं केलं तर बरोबर १८,००० होतात. मी ताळा करून बघितलाय. अर्धं बिल फ्लॅटवर, अर्धं माणसांवर टाकलं तरी हाच आकडा येतो: फ्लॅटमागे ७५० आणि माणशी २२५.

१०१ अक्का: सरी, बरोबर सर. हे मला बरं वाटतं. दोघांचं थोडं थोडं राहतं.

२०३ (पुणे): सर, मग माझे ७५०. पाण्याचा थेंब न वापरता.

१०३ अण्णा: सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटलं नाही. मी कालव्यावर नोकरी केली, पाण्याच्या वाटण्या डोळ्यांनी बघितल्या. दोन आकड्यांच्या मधे उभं राहायचं म्हटलं की पुढच्या वेळी प्रत्येकजण आपला आकडा ओढून धरतो. पुढच्या मे महिन्यात काकू म्हणतील मी शंभरच देणार. त्यांचं राहू दे, मी म्हणेन. मग मधला आकडा माझ्या बाजूला सरकला. ज्याने प्रामाणिकपणे सांगितलं त्याचं नुकसान. आणि मुख्य गोष्ट, पाणी गेलं कुठे हे यात कोणी विचारलंच नाही.

३०१ सर: अण्णा, मुद्दा बरोबर आहे. कापडाच्या खटल्यात दोघांचे दावे सारख्याच वजनाचे धरलेले असतात. इथे ते सारखे आहेत का, हे मी तपासलं नाही.

३०३ मालक: पण वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीला काही किंमत आहे की नाही?

१०३ अण्णा: आहे. कृष्णेच्या पाण्यावरून राज्यांत वाद होता, त्याचा बच्छावत लवाद झाला तेव्हा ७५ टक्के भरवशाचं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं मिळेल असं, २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. त्या वाटणीत सप्टेंबर १९६० पर्यंतच्या चालू वापराला नव्या योजनांपेक्षा आधी मान दिला. का दिला? कारण त्या पाण्यावर कालवे खोदले होते, पिकं उभी होती, माणसं जगत होती. चालू वापर मोडला की कोणाचं तरी उभं आयुष्य मोडतं. पण फ्लॅटमागे सारखं बिल या पद्धतीवर आपण काय उभं केलंय? हिशोब सोपा होता म्हणून चालला, एवढंच. जिचा आधार घेऊन कोणी काही बांधलं, ती पद्धत मी मोडू देणार नाही. ही तशी नाही.

३०३ मालक: बरं. मग पाणी गेलं कुठे, सांगा.

१०३ अण्णा: सांगतो. खाली पार्किंगच्या नळाची लाइन वेगळी आहे. बिल्डरच्या वेळचं जुनं मीटर अजून चालतं. पहिल्या तारखेला आणि काल मी आकडा लिहून ठेवलाय. महिन्यात २०,००० लिटर. टँकर ५,००० चा, म्हणजे चार टँकर. त्यात झाडं, जिना, पार्किंग धुणं आणि वॉचमनचं घर. नळाचं आठ दिवसांनी येणारं पाणीही त्याच संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडतं, त्यामुळे हे अगदी काट्यावरचं माप नाही. पण अंदाजाने निम्मं निम्मं करण्यापेक्षा बरं.

१०२: उन्हाळ्यात पार्किंग धुतात?? ते आजपासून बंद करा आधी. झाडांना भांडी विसळलेलं पाणी घालूया.

३०३ मालक: आणि वॉचमनच्या घराचं पाणी आपण का भरायचं?

००१ काकू: अरे, तो रात्रभर आपल्या दारात बसतो. त्याची पोरं तहानलेली ठेवायची का?

३०१ सर: पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हतं, माणसांवर होतं. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. आपल्या आवारात बिनजमिनीचा कोण, तर वॉचमन. त्याचं पाणी सगळ्यांच्या सामाईक वाट्यात राहावं असं माझं ठाम मत आहे.

३०३ मालक: ठीक आहे, ते मान्य.

३०१ सर: मग आधीचा माझा हिशोब मी मागे घेतो. नवा असा. सामाईक चार टँकर, ३,६००, सगळ्या १२ फ्लॅटवर सारखे, ३०० रुपये. घरांत गेलेले १६ टँकर, १४,४००, ४० माणसांवर, ३६० रुपये. काकू ६६०. वैनींचं घर २,८२०. बंद फ्लॅट ३००. कायद्याचा मुद्दाही मी बघितला. अविभक्त हिस्सा सामाईक मालमत्तेच्या खर्चासाठी आहे. इमारतीचा रंग, वॉटरप्रूफिंग, पायाभूत दुरुस्ती त्यावर जाऊ दे. घरात प्यायलेलं पाणी ही सामाईक मालमत्ता नाही.

२०३ (पुणे): ३०० मी आजच पाठवतो. आमच्या दारासमोरचा जिना कोणीतरी धुतोच ना.

३०२ वैनी: आता लिहिते. सासरे चार महिने अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाला दोन वेळा चादरी धुवाव्या लागतात, कधी तीन वेळा. आम्ही पाणी उधळत नाही. मुलं सोडून सगळे एक दिवसाआड डोक्यावरून अंघोळ करतोय. २,८२० देऊ, त्यात सवलत मागत नाही. फक्त ग्रुपवर 'वरच्या मजल्यावर पाणी जास्त जातं' असं परवा कोणीतरी लिहिलं होतं, ते मनाला लागलं.

१०२: वैनी, ते मी लिहिलं होतं. माफ करा. मला काका आजारी आहेत हे माहीत होतं, पण पाण्याशी जोडून विचार केला नव्हता.

१०३ अण्णा: शहरातल्या नळयोजनांना आपल्या देशात माणशी रोज १३५ लिटर धरतात. आपण घराघरांत टँकरचं जे वापरलं ते माणशी ६५ च्या आसपास येतं. इथे उधळणारं कोणीच नाही. नसलेलं पाणी वाटून घेतोय आपण.

००१ काकू: वैनी, भाऊजींच्या चादरींचं पाणी माझ्यावर, अक्कावर, सगळ्यांवर सारखं टाका. उद्या मी पडले तर माझ्या चादरी कोण धुणार आहे? माझं तर वर-खाली कोणी नाही.

३०२ वैनी: काकू, नको हो.

१०१ अक्का: काकूंचं बरोबर आहे. ते सामाईकात टाका. एक टँकर धरा.

२०१ सेक्रेटरी: मग सामाईक पाच, घरांचे पंधरा. ४,५०० भागिले १२, म्हणजे ३७५. १३,५०० भागिले ४०, म्हणजे ३३७ रुपये ५० पैसे. काकूंचे ७१२.५०. वैनींचे २,७३७.५०. बंद फ्लॅटचे ३७५.

२०३ (पुणे): चालेल. वरचे ७५ पाठवतो.

३०३ मालक: माझ्याकडे पाच मुलं भाड्याने आहेत, कॉलेजची. आधी १,५०० जात होते, आता २,०६२.५० होतात. भाडं ठरवताना पाण्याचं वेगळं धरलं नव्हतं, म्हणून मी 'नेहमीचं' म्हणत होतो. ते मनात ठेवून बोलायला नको होतं. वरचे पैसे मुलांकडून घेणार नाही, मीच भरतो.

१०२: मीटर लावले तर? हा सगळा वादच मिटेल.

१०३ अण्णा: प्रत्येक घरात गच्चीच्या टाकीवरून तीन वेगळ्या लाइन उतरतात, स्वयंपाकघराची एक, बाथरूमच्या दोन. बारा फ्लॅटना ३६ मीटर लागतील. पैसे जमले की करूया. पण मीटर फक्त पाणी मोजतो. त्यातलं आजाऱ्याचं कुठलं, हे त्याला कळत नाही.

३०२ वैनी: पैशाचं झालं, आता पाण्याचंच सांगते. सकाळी अर्धा तास वॉल्व्ह उघडतो. खालच्यांना जोरात येतं, आम्हाला करंगळीएवढी धार. अर्धा तास सगळ्यांना सारखा, पण बादल्या सारख्या भरत नाहीत.

००१ काकू: हे खरं आहे. माझ्या दोन्ही बादल्या दहा मिनिटांत भरतात, मग नळ बंद करते.

१०३ अण्णा: कालव्यावर यासाठी शेजपाळी असते, म्हणजे पाळीपाळीने पाणी. पाणी शेपटाकडून मुखाकडे द्यायचं. शेवटच्या शेताचं आधी भिजवायचं, मुखावरच्याने थांबायचं. कारण मुखावरच्याला कसंही मिळतं, शेपटाला उरलं तरच. आपल्या टाकीचं उलटं आहे. टाकी वर असली तरी दाब खाली जास्त, म्हणून आपलं शेपूट म्हणजे तिसरा मजला. सगळ्या वॉल्व्ह एकदम उघडायच्या नाहीत. आधी तिसरा वीस मिनिटं, मग दुसरा पंधरा, पहिला दहा, तळमजला शेवटी दहा. एकूण पंचावन्न मिनिटं.

१०२: मला सकाळी सात वाजता निघायचं असतं. पहिल्या मजल्याचं पाणी कधी येणार?

१०३ अण्णा: साडेपाचला सुरू करूया. तुमचं सहा पाच ते सव्वासहा.

१०२: मग जमेल.

२०१ सेक्रेटरी: वॉल्व्ह कोण फिरवणार? वॉचमनला पाळी पाठ होईपर्यंत कोणीतरी उभं राहायला पाहिजे.

००१ काकू: मी पहाटे पाचला उठते. मी उभी राहीन. तळमजल्याचं पाणी सगळ्यात शेवटी आहे, त्यामुळे कोणी म्हणणार नाही की काकूने आपलं आधी भरून घेतलं.

३०१ सर: मी वेळापत्रक कागदावर लिहून लिफ्टशेजारी लावतो. अण्णा, एकदा तपासून द्या.

१०३ अण्णा: द्या पाठवून. आणि सेक्रेटरी, दर महिन्याच्या एक तारखेला पार्किंगच्या मीटरचा आकडा ग्रुपवर टाकत जा. फोटोसकट.

२०१ सेक्रेटरी: टाकतो. नवीन रकमांची यादी दहा मिनिटांत पाठवतो. पन्नास पैसे वरच्या रुपयात धरतो, दोन-चार रुपये जास्त जमतील ते पुढच्या टँकरला.

३०२ वैनी: आमचे २,७३८ पाठवले. काकू, उद्या सव्वापाचला मीही खाली येते.

००१ काकू: ये. येताना चहा नको आणू, मी ठेवते.