निवासमंडपातल्या प्रत्येक खुंटीत ख्रिस्त शोधायचा का? आणि होमवेदीचा मूळ अर्थ काय?

नगरकर_तरुणसंघ

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या तरुण संघात सध्या बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अभ्यास चाललाय आणि २५ व्या अध्यायापासून आम्ही अडकलोय, कारण निवासमंडप आला, म्हणजे रानात असताना इस्राएली लोकांनी देवाच्या उपासनेसाठी उभारलेला तंबू. मध्यंतरी बाहेरून एक उपदेशक आले होते, मोठा रंगीत चार्ट घेऊन, आणि त्यांनी एका बैठकीत प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगून टाकला. निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, तागाचं पांढरं कापड म्हणजे ख्रिस्ताची निष्पापता. अंगणाच्या फाटकाचे चार खांब म्हणजे चार शुभवर्तमानं. बाभळीचं लाकूड म्हणजे येशूचं मनुष्यत्व, त्यावरचं सोनं म्हणजे देवत्व, आणि होमवेदीवर, म्हणजे अर्पणं जाळायच्या वेदीवर, पितळ आहे ते न्यायदंडाचं चिन्ह. तंबूच्या खुंट्यासुद्धा सोडल्या नाहीत, अर्धी जमिनीत म्हणजे मरण आणि अर्धी वर म्हणजे पुनरुत्थान.

ऐकताना सगळ्यांना भारी वाटलं, मलाही. पण नंतर एका मुलीने विचारलं की दादा हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय, आणि मी शोधायला बसलो तर रंगांसाठी, खुंट्यांसाठी एकही वचन सापडेना. तिचा दुसरा प्रश्न तर आणखी खोल होता. ती म्हणाली, जी इस्राएली बाई आपलं अर्पण घेऊन त्या वेदीपर्यंत चालत आली तिला येशू माहीत नव्हता, मग तिच्यासाठी ती वेदी काय होती? नुसतं पुढे येणाऱ्या गोष्टीचं चित्र?

यातलं बायबल स्वतः किती सांगतं आणि लोकांनी नंतर किती जोडलं हे मला नीट समजून घ्यायचंय. मुलांना खरं तेच सांगायचंय. जाणकारांनी कृपया लिहा.

इब्री_पत्र_वाचक

दादा, फार चांगला प्रश्न आणि त्या मुलीचं खरंच कौतुक.

सुरुवात इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायापासून करा, कारण नव्या करारात निवासमंडपावर इतकं सविस्तर दुसरीकडे कुठेच नाही. तिथे लेखक दीपवृक्ष, मेज, समर्पित भाकरी, कोश (आज्ञांच्या पाट्यांची पेटी), त्यावरचे करूब (पंखांचे देवदूत) सगळं एकेक करून सांगतो आणि ५ व्या वचनात म्हणतो की याबद्दल आता तपशिलात बोलता येत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त अधिकार होता तोच वस्तूंचे अर्थ लावत बसला नाही, तो पुढे गेला! चार्ट बनवणाऱ्यांनी हे वचन आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मग तो कशावर थांबतो? जागेवर आणि माणसाच्या हालचालीवर. कोण आत जाऊ शकतं, कुठपर्यंत, वर्षातून किती वेळा, हातात काय घेऊन. परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीत, फक्त महायाजक, तोही वर्षातून एकाच दिवशी, आणि रक्ताशिवाय नाही (लेवीय या पुस्तकाचा १६ वा अध्याय सोबत ठेवून वाचा). १० व्या अध्यायात तो म्हणतो की याजक रोज उभा राहून तीच तीच अर्पणं करतो, पण ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. निर्गमातली सामानाची यादी तपासा, वेदी आहे, गंगाळ आहे, मेज आहे, दीपवृक्ष आहे, पण याजकाला बसायला आसन कुठेच नाही, कारण काम कधी संपतच नव्हतं. मला हे चार खांबांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं आणि यासाठी कल्पनेची गरज पडत नाही. अंतरपटाचंही, म्हणजे त्या आतल्या खोलीपुढच्या पडद्याचंही तसंच, इब्री १०:२० त्याला सरळ ख्रिस्ताच्या देहाशी जोडतं आणि मत्तय २७:५१ मध्ये मंदिराचा अंतरपट वरून खालपर्यंत फाटतो. आणि १३ व्या अध्यायात, ज्या पापार्पणाचं रक्त आत नेलं जायचं त्या जनावराचं शरीर छावणीबाहेर जाळायचे, म्हणून येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. ही जोडणी नव्या करारानेच केलीय, ती बिनधास्त शिकवा.

आता होमवेदी. निर्गम २७ प्रमाणे पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच, एक हात साधारण ४५ सेंमी धरला तर सव्वादोन मीटरचा चौरस आणि उंची माणसाच्या छातीपर्यंत. आतून पोकळ, फळ्यांची, वरून पितळ, मध्ये पितळेची जाळी, चार कोपऱ्यांना चार शिंगं, उचलायला दांडे. बाभूळ का? कारण सिनायच्या रानात इमारतीला चालेल असं लाकूड म्हणजे मुख्यतः तेच, कोश, मेज, फळ्या सगळं त्याचंच आहे. पितळ का? कारण वर सतत विस्तव, तो विझू द्यायचा नाही असं लेवीय ६ सांगतं. पितळ म्हणजे न्याय असं मोशे कुठेच म्हणत नाही. एक गोष्ट मात्र तो सांगतो आणि ती चार्टवर कधी नसते, गणना १६ मध्ये कोरहाबरोबर मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या २५० जणांची धूपपात्रं ठोकून पत्रे केले आणि वेदीला मढवले, लोकांना आठवण राहावी म्हणून. पितळेला अर्थ द्यायचाच असेल तर हा घ्या, तो ग्रंथातलाच आहे.

रंगांबद्दल एवढंच सांगतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच पडद्यांबद्दल लिहितो की ताग म्हणजे पृथ्वी, जांभळा समुद्र, निळा हवा, किरमिजी अग्नी, सात दिवे म्हणजे सात ग्रह आणि बारा भाकरी म्हणजे बारा महिने. तेच रंग, पण त्याला त्यात अख्खं विश्व दिसलं. ग्रंथाने गप्प ठेवलेल्या वस्तूत प्रत्येक जण आपल्या मनातलं बघतो, आणि ते मनन म्हणून सुंदर असू शकतं, बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने तर ८ व्या शतकात इंग्लंडमधल्या मठात बसून निवासमंडपावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. फक्त मुलांना सांगताना हे मनन आहे, वचन नाही, असं स्पष्ट म्हणा.

आणि त्या बाईबद्दल. लेवीय १२ वाचा. बाळंतपणानंतर बाईने एक वर्षाचं कोकरू आणि एक पाखरू आणायचं, ऐपत नसेल तर दोन पाखरं चालतील. आता लूक २:२४ काढा, मरीया आणि योसेफ यांनी नेमकं हेच गरिबाचं अर्पण आणलं. तोवर निवासमंडप नव्हता, हेरोदाचं मंदिर होतं, पण नियम तोच. म्हणजे तुमच्या मुलीने विचारलेली बाई एकदा स्वतः मरीया होती आणि बाळ तिच्याबरोबर होतं. यावर एक अख्खा तास घ्या.

ठाण्याची_बेने_इस्राएल

मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली आहे, पण प्रश्न आमच्या ग्रंथातला आहे म्हणून लिहितेय, गोड मानून घ्या.

वेदी म्हटलं की लगेच पाप आणि रक्त एवढंच बोललं जातं, ते अपुरं आहे. लेवीय ३ आणि ७ मध्ये शांत्यर्पण आहे. त्यातली चरबी वेदीवर, काही भाग याजकाला, आणि बाकीचं मांस अर्पण आणणारा आपल्या माणसांना घेऊन खातो, उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाही. एकटं कुटुंब अख्खं जनावर एका दिवसात कसं संपवणार, मग शेजारीपाजारी आलेच. संकटातून सुटलेला माणूस देवासमोर जेवण घालतोय, ही सुद्धा तीच वेदी. आणि लेवीय ५ मध्ये ज्याला पाखरंही परवडत नाहीत त्याला पापार्पणासाठी एफाचा (धान्याच्या एका जुन्या मापाचा) दहावा भाग सपीठ आणायला सांगितलंय, तेल नाही, धूप नाही, नुसतं पीठ, आणि त्याचीही क्षमा होते. त्या बाईसाठी वेदी काय होती याचं माझं उत्तर हेच, की तिच्या हातात जे असेल ते घेऊन ती देवाजवळ येऊ शकत होती. तिच्यासाठी ते पूर्ण होतं, अर्धवट नव्हतं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि यज्ञ थांबले. तेव्हा रब्बी (यहुदी धर्मगुरू) योहानान बेन झक्काई यांनी शोक करणाऱ्या शिष्याला सांगितलं की दयेची कृत्यं हे आपलं प्रायश्चित्त आहे, आणि होशेय ६:६ चा आधार दिला. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, असंही आहे की मंदिर होतं तोवर वेदी प्रायश्चित्त करायची, आता माणसाचं जेवणाचं मेज करतं, म्हणजे तिथे गरिबाला वाढलेलं अन्न. शब्बाथला भाकरी मिठाला लावून खातात त्यामागेही हेच सांगतात, कारण लेवीय २:१३ प्रमाणे प्रत्येक अर्पणाला मीठ लागायचं. आणि आपल्या कोकणातलं म्हणाल तर आमचा मलिदा, पोहे गूळ खोबरं आणि फळं, एलियाहू हन्नवीच्या (एलीया संदेष्ट्याच्या) नावाने, त्याचा संबंध काही अभ्यासक जुन्या अन्नार्पणाशी लावतात.

तुम्ही तुमच्या श्रद्धेने पुढचा अर्थ लावा, तो तुमचा हक्क आहे. मुलांना फक्त एवढं सांगा की हा ग्रंथ आजही दुसऱ्या कुणाच्या घरात रोज वाचला जातो.

नगरकर_तरुणसंघ

ताई, मनापासून आभार, शांत्यर्पणाचं जेवण आमच्या चार्टवर कुठेच नव्हतं. इब्रीवाले दादा, एक अडचण आली. इब्री ९:२२ म्हणतं रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही, मग पिठाने क्षमा कशी? हा प्रश्न ती पोरगी विचारणार हे नक्की.

इब्री_पत्र_वाचक

वचन पूर्ण वाचा, त्याच्या सुरुवातीला "बहुतेक" आहे, नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सगळं रक्ताने शुद्ध होतं. लेखकाला लेवीय पाठ होतं, पिठाचा अपवाद तो विसरलेला नाही. आणि लेवीय ५:१२ बघा, ते मूठभर पीठ याजक वेदीवर इतर हव्यांच्या वर जाळतो, म्हणजे गरिबाचं पीठ दुसऱ्यांच्या अर्पणांबरोबर एकाच विस्तवात जातं. ताईंनी सांगितलेलं होशेय ६:६ येशूनेही घेतलंय, मत्तय ९:१३, मला यज्ञ नको दया पाहिजे. तेव्हा हे वचन दोन्ही घरांत आहे, त्याच्यावरून भांडण करायचं कारण नाही.

वसईकर_कॅथलिक

आमच्याकडून थोडी भर. निर्गम ४० मध्ये मोशेला वेदीला तेलाचा अभिषेक करायला सांगितलंय आणि आमच्यात नवीन वेदीचं समर्पण होतं तेव्हा बिशप आजही तेच करतात, मध्यभागी आणि चार कोपऱ्यांवर पवित्र तेल ओतून हाताने सगळ्या वेदीला चोळतात, मग वेदीवर धूप जाळतात, मग पांढरं कापड आणि मेणबत्त्या. ज्याने पाहिलंय त्याला लेवीय वाचताना परकं वाटत नाही. पुनरुत्थान काळातल्या एका प्रार्थनेत ख्रिस्तालाच याजक, वेदी आणि कोकरा तिन्ही म्हटलंय, आणि मिस्सा सुरू होताना फादर वेदीचं चुंबन घेतात ते त्यामुळेच. ताईंचं शांत्यर्पण वाचून मला वाटलं की आम्ही वेदीवर बलिदान म्हणतो आणि त्याच वेदीवरून जेवतोही, या दोन गोष्टी लेवीयातच एकत्र आहेत, आम्ही त्या नव्याने जोडल्या नाहीत. प्रोटेस्टंट मित्र प्रभुभोजनाबद्दल वेगळं मानतात हे माहीत आहे, तो वाद इथे नको.

उत्खनन_वाचक

निवासमंडपाचे अवशेष मिळालेले नाहीत, तंबू आणि लाकूड ते, पण शिंगांची वेदी मुलांना फोटोत दाखवता येईल. इस्राएलमधल्या तेल बेरशेबा इथे १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांच्या उत्खननात एका मोठ्या दगडी वेदीचे दगड मिळाले, इ.स.पू. ८ व्या शतकातल्या कोठाराच्या भिंतीत परत वापरलेले, चार कोपऱ्यांच्या शिंगांसकट. तेल अराद इथे तर किल्ल्यात छोटं मंदिरच होतं आणि अंगणातली वेदी साधारण पाच हात चौरस, माती आणि न घडवलेल्या दगडांची, निर्गम २०:२५ सांगतं तशी. तिथल्या आतल्या खोलीच्या दाराशी दोन छोट्या धूपवेद्या होत्या, २०२० मध्ये त्यांच्यावरच्या थराची तपासणी झाली तेव्हा एकीवर ऊद आणि चरबी सापडली.

बेरशेबाचे दगड मात्र घडीव आहेत, म्हणजे हत्यार लावू नका हा नियम सगळीकडे पाळला जात नव्हता. हे मुलांपासून लपवू नका. आणि शिंगांचा उपयोग सांगताना १ राजे १ आणि २ एकत्र वाचा, शलमोनाचा भाऊ अदोनीया शिंगं धरतो आणि तेव्हापुरता वाचतो, दाविदाचा सेनापती यवाब धरतो आणि तिथेच मारला जातो, कारण जाणूनबुजून खून करणाऱ्याला माझ्या वेदीपासूनही ओढून न्या असं निर्गम २१:१४ आधीच सांगून ठेवतं.