ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांत योग आणि व्यायाम : तुमचे अनुभव लिहा

ऑपरेशन झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "हाताला जप, काही उचलू नकोस." फिजिओ सांगतात, हात हलवला नाही तर खांदा आखडेल. या दोन्हींत बाई अडकते, म्हणून हा धागा. योगासनं, प्राणायाम, चालणं, वजनं, जे केलं असेल ते लिहा. कधी सुरू केलं, कुणाला विचारून, काय झेपलं, काय सोडावं लागलं. टाटा मेमोरियलने सुमारे ८५० स्त्रियांवर केलेल्या योगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या ब्रेस्ट कॅन्सर परिषदेत मांडले गेले, तेव्हा हे काही फावल्या वेळचं खूळ नाही. पण हे सगळं केमो, रेडिएशन आणि गोळ्यांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नव्हे. "आसनांनी गाठ विरघळली" असलं कृपया कुणी लिहू नका. ते वाचून कुणी उपचार सोडले तर तिचा जीव जाईल.

पुणे, वय ५२
माझ्या काखेतल्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड) काढल्या होत्या. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) होता तोवर फक्त मूठ उघडायची-मिटायची, कोपर वाकवायचं आणि खांदे हळू फिरवायचे. ड्रेन निघाल्यावर फिजिओताईंनी भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितली. बोटं जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. सासूबाईंनी पेन्सिल दोऱ्याला बांधून खिळ्यावरच लटकवली, आणि दोन्ही वेळा चहाआधी माझी भिंत झालीच पाहिजे असा दंडक घातला. मध्येच काखेपासून कोपरापर्यंत तारेसारखं काहीतरी ताणलेलं हाताला लागायला लागलं. घाबरून धावत गेले. याला कॉर्डिंग म्हणतात, हात ताणत राहिलं की बहुतेकींचं सुटतं, असं कळलं. माझं सुटलं. घाईचं खरं कारण मात्र रेडिएशन. त्या टेबलावर हात डोक्याच्या वर घेऊन अजिबात न हलता पडावं लागतं. हात वर गेलाच नाही तर प्लॅनिंगच अडतं. नवीन मैत्रिणींनो, हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.

कराड
केमोचा थकवा झोपून जात नाही. उलट पडून राहिलं की अंगात आणखी मुरतो. केमोच्या प्रत्येक फेरीनंतरचे (सायकल) पहिले दिवस घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, एवढंच चालायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना डॉक्टरांनी वर्गाच्या गर्दीत जायला मनाई केली, म्हणून घरीच दीर्घ श्वसन आणि रात्री योगनिद्रा. केमोसोबतच्या स्टेरॉइडच्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही, तेव्हा तिचा फार आधार वाटला. पुढे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळव्यांना मुंग्या आल्या, तोल जायला लागला. वृक्षासन भिंतीला पाठ टेकून केलं.

डोंबिवली
ऑपरेशननंतर हात सुजल्यावर मला पाण्याची बाटलीसुद्धा उचलू देत नव्हते. नव्या फिजिओंनी २००९ सालचा अमेरिकेतला अभ्यास समजावून सांगितला. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली. त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मी स्लीव्ह (सूज आवरणारी घट्ट बाही) घालून अर्ध्या किलोने सुरुवात केली, त्यांच्या डोळ्यांदेखत. हात जड वाटला किंवा बांगडी रुतायला लागली की एक पायरी मागे. आता नातवाला कडेवर घेते.

नागपूर, आईबद्दल
आईचा आजार मणक्यात पोचला आहे. आमच्या भागातल्या एका योगवर्गात हे सांगूनही तिला पश्चिमोत्तानासन करायला लावलं. पाठ धरली, आम्ही हादरलो. ऑन्कॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं की हाडांत आजार असेल तर खोल वाकणं, पीळ देणं आणि झटके बंद, हाड मोडू शकतं. आता ती खुर्चीत बसून हात-पाय हलवते, अनुलोम-विलोम करते, माझा हात धरून फिरते. तेवढ्यानेही तिची सकाळ बरी जाते. कळकळीची विनंती, शिक्षकाला रिपोर्ट दाखवल्याशिवाय चटईवर बसू नका.

न्यू जर्सी
लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळीने सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. इथे मला सांगितलेलं वेळापत्रक असं : आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल इतपत चालणं, दोनदा ताकदीचे व्यायाम. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण गोळी बंद करावी असं आता वाटत नाही. गोळी चालू राहणं महत्त्वाचं.

रत्नागिरीजवळून
ताई, मी शेतात राबते, लावणीला वाकते. मला आणखी वेगळा व्यायाम कशाला?

उत्तर, पुणे
मावशी, मीही हेच विचारलं होतं. लावणीत कंबर वाकते, पण हात डोक्याच्या वर जात नाही, आणि खांदा तिथेच आखडतो. सकाळी भिंतीवर बोटं चढवा आणि वाळत घालायची दोरी थोडी उंच बांधून घ्या. चिखलात ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला रबरी मोजा घाला. खरचटलं तर लगेच साबणाने धुवा. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लावणी थांबली तरी चालेल.