ऑल, होल, एंटायर, टोटल, फुल: मुलांना फरक कसा समजावायचा?

पाटीपेन्सिल:
मी आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. हे सगळे शब्द डिक्शनरीत बघितले तर अर्थ जवळपास एकच, सगळं, पूर्ण, संपूर्ण, पण एकाच्या जागी दुसरा टाकला की वाक्य बिघडतं. एका मुलीने लिहिलं, 'आय ड्रँक द होल वॉटर'. मी 'ऑल द वॉटर' करून दिलं तर म्हणते, मग 'द होल बॉटल' कसं काय चालतं, बाटलीत पण पाणीच असतं ना. प्रश्न अगदी रास्त आहे तिचा. काउंटेबल-अनकाउंटेबल सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि पुढच्या निबंधात परत तेच. मराठीतून पटेल असं काही आहे का कुणाकडे?

अनुस्वार:
ताई, होलच्या जागी 'अख्खा' बसतो का ते बघायला सांगा. अख्खी बाटली, अख्खं पुस्तक, अख्खा दिवस म्हणतो आपण, पण अख्खं पाणी किंवा अख्खी माहिती कुणी म्हणत नाही, तिथे आपसूक 'सगळं पाणी', 'सगळी माहिती' येतं. ज्याला सुरुवात-शेवट आहे, जे एक नग म्हणून समोर ठेवता येतं त्याला होल, आणि पाणी, हवा, पैसा, सामान असल्या गोष्टींना ऑल. तुमच्या त्या मुलीला सांगा की बाटली हा नग आहे, पाणी नाही. आणि 'होल मिल्क' असा शब्द तिला पाकिटावर दिसला तर गोंधळ नको, ते साय न काढलेलं दूध, सगळं दूध नव्हे.

आपल्या मुलांची खरी अडचण 'सगळा' या शब्दात आहे. 'सगळा दिवस' आणि 'सगळे दिवस' यात आपण शब्द तोच ठेवतो, फक्त वचन बदलतो, इंग्रजीत मात्र पहिल्याला 'द होल डे' किंवा नुसतं 'ऑल डे' आणि दुसऱ्याला 'ऑल द डेज', आणि रोज म्हणायचं असेल तर 'एव्हरी डे', तीन वेगळ्या गोष्टी. शिवाय 'द', 'माय' वगैरे कुठे येतात ते बघा, ऑलच्या नंतर पण होलच्या आधी: 'ऑल माय लाइफ', 'माय होल लाइफ'. हे दोन-चारदा मोठ्याने म्हणून घेतलं की कानाला सवय होते, नियम सांगावाच लागत नाही.

अनेकवचनात तर आणखी मजा आहे. 'ऑल द व्हिलेजेस वेअर फ्लडेड' म्हणजे एकूण एक गाव बुडालं. 'होल व्हिलेजेस वेअर फ्लडेड' म्हणजे गावंच्या गावं पाण्याखाली गेली, जी बुडाली ती पार बुडाली, पण सगळी बुडाली असं त्यात म्हटलेलं नाही. हा फरक मराठीत आपण इतका सहज करतो की मुलांना लगेच कळतो.

सांजवारा:
बाकीच्या तिघांबद्दल लिहिते. एंटायर हा होलचाच भाऊ, जिथे होल तिथे बहुतेक वेळा चालतो, फक्त जरा वजनदार, लेखी भाषेतला. टोटल म्हणजे आपलं 'एकूण', त्यात बेरीज आहे: टोटल कॉस्ट, टोटल मार्क्स. म्हणून 'द टोटल बुक' होत नाही, पुस्तकाची बेरीज कशी करणार. 'टोटल डार्कनेस', 'टोटल फेल्युअर' यात मात्र बेरीज नाही, तिथे 'पुरता, निव्वळ' असा अर्थ. क्रियापदाकडे पण लक्ष द्या: 'अ टोटल ऑफ फिफ्टी स्टुडंट्स वेअर प्रेझेंट' पण 'द टोटल नंबर ऑफ स्टुडंट्स वॉज फिफ्टी'. परीक्षेत नेमकं इथेच विचारतात.

फुल म्हणजे काठोकाठ भरलेलं, किंवा काही गाळलेलं नाही असं. 'अ फुल ग्लास' टेबलावर भरलेला उभा आहे, 'आय ड्रँक द होल ग्लास' म्हणजे तो पिऊन संपला. फुल नेम, फुल मून यात होल घालून बघा, लगेच खटकतं.

आणि वर्गात सांगायला छान गोष्ट: होल, हील आणि हेल्थ ही एकाच मुळाची भावंडं आहेत, न मोडलेलं, धडधाकट. होलमधला डब्ल्यू मुळात नव्हता, स्पेलिंगमध्ये मागाहून घुसला, म्हणूनच उच्चारात नाही. एंटायर आणि गणितातला इंटिजर दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत, ज्याला हात लागला नाही ते.

चौकस:
अख्ख्याची कसोटी बरीच उपयोगी आहे पण एका ठिकाणी फसते. अख्खं लंडन आपण बिनधास्त म्हणतो, 'होल लंडन' चालत नाही. गावाच्या, देशाच्या नावांना 'द होल ऑफ लंडन' किंवा 'ऑल ऑफ लंडन' करावं लागतं. सर्वनामांचंही तसंच, 'ऑल अस' नाही, 'ऑल ऑफ अस'.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नकारार्थी वाक्य. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' याचे दोन अर्थ निघतात, आणि मराठीत 'सगळी मुलं पास झाली नाहीत' याचेही तेच दोन निघतात, त्यामुळे मुलांना त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. काही पास काही नापास असतील तर 'नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड', एकही नसेल तर 'नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड'. दोनच असतील तर 'बोथ डिड नॉट कम' न लिहिता 'नायदर केम'. एवढं मुलांकडून पक्कं करून घ्या, एंटायर थोडं मागे राहिलं तरी बिघडत नाही.

पाटीपेन्सिल:
गावंच्या गावं हे उदाहरण आजच वापरलं, खरंच चटकन कळलं सगळ्यांना. आता मुलं एव्हरी आणि ईचमध्ये अडकलीयेत, दोन्हीला प्रत्येकच म्हणतात.

अनुस्वार:
एव्हरीला 'दर' आणि ईचला 'प्रत्येक' लावून बघा. दर दोन दिवसांनी म्हणजे 'एव्हरी टू डेज', इथे ईच येतच नाही. ईचमध्ये एकेकाकडे वेगळं बघणं आहे म्हणून दोघांनाही चालतो, 'ईच ऑफ हर हँड्स', एव्हरीला किमान तीन लागतात. 'ऑलमोस्ट एव्हरी स्टुडंट' होतं, 'ऑलमोस्ट ईच' होत नाही. क्रियापद दोन्हीकडे एकवचनी, त्यात मुलं फार चुकणार नाहीत, 'प्रत्येक मुलगा येतो' असंच तर आपण म्हणतो. 'ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज' इथे तेवढं सांभाळा, मधल्या स्टुडंट्समुळे हात हमखास 'हॅव'कडे जातो.