आपत्कालीन आराखडा लिहायला बसलोय, 84 पानं झाली. चुकतंय का?

पाऊलवाट:
आमच्या संस्थेत साधारण 140 माणसं आहेत. आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. आग, पूर, भूकंप, साथ, सायबर हल्ला, एकेक प्रकरण लिहीत गेलो आणि यादी संपेचना. ऐन वेळी हे उघडून वाचणार कोण, ही धास्ती आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांनी सांगा.

जुना_देखभालवाला:
इमारतींच्या देखभालीत माझी 19 वर्षं गेली, म्हणून थोडं मोकळेपणानं सांगतो. संकटांची यादी करू नका, ती संपणारच नाही. कारण काहीही असो, तुमच्या दारात येणाऱ्या अडचणी मोजक्याच: इमारतीत जाता येत नाही, वीज नाही, संगणक बंद, माणसं पोचू शकत नाहीत, पुरवठादार हात वर करतो. मग एकेका कामाबद्दल विचारा, हे किती वेळ बंद राहिलं तर चालेल? तासभर? दोन दिवस? आणि हे रोज ते काम करणाऱ्याला विचारा. साहेबांना सगळंच तातडीचं वाटतं.

आता माझ्यावर गुदरलेलं. आमच्याकडे जनरेटर दर सोमवारी दहा मिनिटं चालवायचो आणि वहीत सही करायचो. वही अगदी नीट होती. एका रात्री खरोखर वीज गेली, जनरेटर लगेच सुरू झाला, सगळे निश्चिंत. सव्वादोन तासांनी त्याचा आवाज अडखळला आणि बंद पडला. मोठ्या टाकीत डिझेल काठोकाठ! पण तिथून जनरेटरच्या छोट्या टाकीत डिझेल चढवणारा पंप बाहेरच्या विजेवर जोडलेला होता. वीज गेली त्या क्षणीच पंपही मेला होता. दहा मिनिटांत छोटी टाकी कधी रिकामीच होत नाही, मग कळणार कसं? टॉर्च तोंडात धरून कॅननं डिझेल ओतलं, तो वास अजून आठवतो.

असं मोठ्या ठिकाणीही झालंय. 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर 13व्या मजल्यावर होते, पण इंधनाचे पंप तळघरात, आणि तळघरात पाणी भरलं. शेवटी माणसांनी साखळी करून जिन्यानं इंधन वर नेलं.

तेव्हा कृपा करून जनरेटरची चाचणी पूर्ण लोडवर, म्हणजे एरवीची सगळी उपकरणं त्यावर चालवून, आणि काही तास घ्या.

सर्व्हररूम:
वरच्याशी सहमत. बॅकअपचंही, म्हणजे डेटाच्या राखीव प्रतींचंही, तसंच. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचा डेटा गेला. शिवाय वर्षातून एकदा तरी बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघा आणि घड्याळ लावा. लागलेला वेळच खरा, कागदावरचा नव्हे.

पाऊलवाट:
मनापासून आभार. इमारत रिकामी करायची ड्रिल सांगून घ्यावी की न सांगता?

जुना_देखभालवाला:
पहिली सांगून. लोकांना जिनाच माहीत नसतो, लिफ्टची सवय. पुढची न सांगता, आणि एक जिना मुद्दाम बंद ठेवून. रिक रेस्कोर्ला हे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कार्यालय असलेल्या मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेचे सुरक्षाप्रमुख होते. 1993 मध्ये तिथे झालेल्या बॉम्बस्फोटानंतर त्यांनी तिथल्या आपल्या लोकांकडून वारंवार ड्रिल करून घेतली, कुरकुर झाली तरी. 2001 च्या विमानहल्ल्यात कंपनीचे तिथले बहुतेक सगळे कर्मचारी वाचले. ते स्वतः मागे राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेले, ते परतले नाहीत. त्यांची आठवण मी प्रत्येक ड्रिलच्या आधी सांगतो.

आणि फोनयादी कागदावर छापून प्रत्येकाच्या घरी असू द्या.

पाऊलवाट:
आज फोनयादी काढली. पहिल्या पाचांतले दोघं नोकरी सोडून गेलेले, एक नंबर बंद. उरलेल्या दोघांना फोन लावला, एकानं उचलला. 84 पानं बाजूला ठेवलीत. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनबरोबर पंपाची वायर कुठे जाते ते बघायला खाली उतरतोय.